रिकाम्या फोल्डरची नक्कल

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत आजवर मी जे काही लिहिले ते लसीकरण, बालदमा, परीक्षेच्या दिवसांतली पोटदुखी अशा माझ्या परिघातील विषयांवर. यंदा संगणकावर लिहीन असे कळवले तेव्हा संपादकांनी सौजन्याने होकार दिला. परंतु त्या होकारातील शंका मला फोनवरही ऐकू आली. ती रास्तच होती. संगणकशास्त्राशी माझा संबंध एका दवाखान्यापुरता. तरीही हा विषय निवडला, कारण २०२५ च्या जून महिन्यात माझ्याच हातून एक चूक घडली आणि दवाखान्यातील बारा-तेरा वर्षांचे केसपेपर एका रात्रीत नाहीसे झाले. ते नाहीसे झाले आहेत हे मला पुढचे चोवीस दिवस कळलेसुद्धा नाही. आपल्यापैकी अनेकांनी अलीकडे कागद कमी करून स्कॅनर घेतला आहे. त्यांच्यासाठी हा वृत्तांत.

मुळात कागद संगणकात का गेले, तेथून सुरुवात करतो. माझा दवाखाना कारेलीबागेत, तळमजल्यावर. ३१ जुलै २०१९ रोजी बडोद्यात एका दिवसात जवळजवळ वीस इंच पाऊस कोसळला तो आपणा सर्वांच्या स्मरणात आहे. विश्वामित्रीचे पाणी वस्त्यांत शिरले, पाण्याबरोबर मगरीही आल्या आणि त्यांची छायाचित्रे देशभर झळकली. पाणी ओसरल्यावर शटर उघडले तेव्हा कपाटांचे खालचे दोन कप्पे चिखलाने भरलेले होते. केसपेपरांचे गठ्ठे फुगून एकमेकांना असे घट्ट चिकटले होते की सोडवू गेल्यास अक्षरे बोटांना लागून येत. नवजात बालकांचे वजन, कावीळीचे आकडे, पहिल्या तापाची नोंद, सारे निळ्या पाण्यात विरघळलेले. वरचे कप्पे तेवढे वाचले.

त्या दिवाळीनंतर स्कॅनर आणला. आमच्या रिसेप्शनच्या बेन दुपारच्या वेळेत वाचलेले जुने कागद आणि रोजचे नवे कागद स्कॅन करीत. प्रत्येक मुलाचे एक फोल्डर, आणि ती सर्व फोल्डरे ‘केसपेपर’ नावाच्या एका मोठ्या फोल्डरात. स्कॅन झाल्यावर मूळ कागद फाडून रद्दीत. जागा मोकळी झाली, भिंतीला रंग दिला, कपाटांच्या जागी मुलांसाठी घसरगुंडी आली. मला स्वतःचा फार अभिमान वाटला होता.

तथापि पाणी संगणकाच्या डब्यातही शिरू शकते. म्हणून हैदराबादला संगणक क्षेत्रात असलेल्या माझ्या भाच्याने सुचवले की हे फोल्डर रोज रात्री आपोआप क्लाउडवर, म्हणजे दूरच्या सुरक्षित संगणकांवर भाड्याने घेतलेल्या जागेत, जावे. त्याने मला माउसची चित्रे न दाखवता एक काळी चौकट उघडून दिली व तीत आज्ञा टंकायला शिकवले. आजच्या तरुण डॉक्टरांना ती चौकट परकी वाटेल. आमच्या पिढीला नाही. १९९६ साली एमडीचा प्रबंध लिहिताना वर्डस्टार आणि डॉस यांच्या काळ्या पडद्यासमोर मी कित्येक रात्री घालवल्या. तेव्हा ‘एक्सकॉपी’ ही आज्ञा देऊन प्रबंधाच्या तीन फ्लॉप्या करीत असे. एक होस्टेलच्या खोलीत, एक दांडिया बाजारातल्या घरी आईच्या कपाटात आणि एक मित्राकडे. फ्लॉपी कधी दगा देईल सांगता येत नसे, म्हणून ही भीतीपोटी केलेली व्यवस्था होती.

योगायोग असा, की त्याच १९९६ च्या जूनमध्ये ऑस्ट्रेलियातील अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरस यांनी ‘आरसिंक’ नावाचा प्रोग्राम प्रसिद्ध केला. दोन दूरच्या संगणकांवर एकाच फाइलच्या किंचित वेगळ्या प्रती असतील, तर संपूर्ण फाइल न पाठवता फक्त बदललेला भाग कसा पाठवावा, हा त्यांचा प्रश्न. त्या काळी टेलिफोनच्या तारेतून एक एक अक्षर ओढत न्यावे लागे, हे लक्षात घेतले म्हणजे त्या प्रश्नाचे महत्त्व कळते. उत्तर सुंदर होते. पलीकडची फाइल तुकड्यांत विभागायची, प्रत्येक तुकड्याची एक छोटी संख्यात्मक खूण काढायची, फक्त खुणा अलीकडे पाठवायच्या, आणि अलीकडच्या फाइलवरून एकेक अक्षर पुढे सरकत त्या खुणा कोठे जुळतात ते पाहायचे. जुळलेले तुकडे पाठवायचे कारण नाही. ट्रिजेल यांनी पुढे १९९९ मध्ये कॅनबेरा येथील ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीत सादर केलेल्या पीएचडीच्या प्रबंधात ही रीत विस्ताराने मांडली आहे.

पुढे क्लाउडचा जमाना आला. २००६ मध्ये ॲमेझॉनची एस-थ्री सेवा सुरू झाली, २०१२ मध्ये गूगल ड्राइव्ह आले. या गोदामांशी बोलण्यासाठी निक क्रेग-वुड या ब्रिटिश प्रोग्रामरने आरसिंकच्या धर्तीवर ‘आरक्लोन’ तयार केला. २०१४ साली त्याची पहिली आवृत्ती निघाली. तो विनामूल्य आहे, विंडोज, मॅक, लिनक्स सर्वांवर चालतो, आणि अनेक कंपन्यांच्या क्लाउडशी एकाच भाषेत व्यवहार करतो. आरसिंकप्रमाणे तो फाइलचे तुकडे जुळवत बसत नाही. फाइलचा आकार आणि शेवटच्या बदलाची वेळ ताडून पाहतो. फरक दिसला तर संपूर्ण फाइल पाठवतो, नसेल तर पुढे जातो. दवाखान्यातल्या पानापानाच्या स्कॅनसाठी एवढे पुरेसे आहे. पहिल्या वेळी सारे वर चढायला तीन रात्री लागल्या. त्यानंतर दिवसभराचे नवे कागद पाच-सात मिनिटांत वर जात.

आज्ञेची रचना साधी आहे. प्रथम प्रोग्रामचे नाव, मग काय करायचे ते क्रियापद, मग कोठून, मग कोठे. आपण नर्सला लेखी ऑर्डर देतो तशीच ही ऑर्डर: औषध, मात्रा, मार्ग. माउसने ओढाओढ करण्यापेक्षा हिचा फायदा असा, की ती कागदावर लिहून ठेवता येते, बॅच फाइलमध्ये साठवता येते, विंडोजच्या टास्क शेड्युलरला सांगून रोज रात्री अकराला चालवता येते आणि काय झाले याची नोंद लॉगमध्ये राहते. नर्सशी तुलना येथेच संपते. अनुभवी सिस्टर दहापट मात्रा लिहिलेली दिसली तर फोन करून विचारते, “सर, हे बरोबर आहे ना?” काळी चौकट विचारत नाही.

आता त्या क्रियापदाविषयी. आरक्लोनमध्ये ‘कॉपी’ आणि ‘सिंक’ ही दोन वेगळी क्रियापदे आहेत. कॉपी म्हटले की स्रोतात जे नवे आहे ते पलीकडे जाते, आणि पलीकडे जे जास्तीचे आहे त्याला हात लागत नाही. सिंक म्हटले की पलीकडची बाजू स्रोतासारखी हुबेहूब केली जाते. हुबेहूब करायची तर स्रोतात नसलेले पलीकडून पुसावे लागते. तेही तो निमूटपणे पुसतो. गोंधळात भर अशी, की आरसिंकमध्ये आणि ॲमेझॉनच्या एस-थ्री सिंकमध्ये पुसण्याची सूचना वेगळी द्यावी लागते, न दिल्यास ते काही पुसत नाहीत. आरक्लोनच्या सिंकमध्ये मात्र पुसणे अध्याहृतच आहे. एकाच ब्रँडनावाने दोन कंपन्यांची वेगळी औषधे बाजारात असावीत, त्यातला प्रकार.

भाच्याने मला हे २०१९ मध्येच सांगितले होते. मी मान डोलावली होती. बॅच फाइलमध्ये शब्द होता सिंक, कारण बेनच्या हातून चुकीच्या नावाने स्कॅन झालेल्या फायली आम्ही दुरुस्त करत असू आणि चुकीचे नाव क्लाउडवरही राहू नये अशी माझीच इच्छा होती.

मे २०२५ च्या अखेरीस जुन्या संगणकाची हार्ड डिस्क टक-टक आवाज करू लागली आणि तिसऱ्या दिवशी बंद पडली. मी बिलकुल घाबरलो नाही. सारे वर आहे! नवा संगणक आला. त्यावर मी ‘केसपेपर’ या नावाचे नवे, रिकामे फोल्डर केले, म्हणजे बेनना दुसऱ्या दिवसापासून स्कॅन सुरू करता यावे. जुने सारे क्लाउडवरून खाली उतरवून घ्यायला दोन-तीन रात्री लागतील, ते पुढे दिवाळीच्या सुटीत निवांत करू असे ठरवले. आणि शिस्तीचा माणूस म्हणून, पेन ड्राइव्हवर जपून ठेवलेली ती रात्रीची बॅच फाइलही नव्या संगणकावर बसवली.

रात्री अकरा वाजता आज्ञा चालली. स्रोतात त्या दिवशीचे एकोणीस केसपेपर होते. पलीकडे बारा-तेरा वर्षांचे. पलीकडची बाजू स्रोतासारखी करण्यात आली.

फोल्डरच सापडले नसते तर आरक्लोन त्रुटी दाखवून थांबला असता. वाचताना मध्येच अडथळा आला असता तरीही त्याने पुसण्याचे काम सोडून दिले असते; तेवढी खबरदारी त्याच्या रचनेत आहे. पण फोल्डर होते, व्यवस्थित वाचता येत होते, आणि त्यात एकोणीस फायली होत्या. यंत्राच्या दृष्टीने तक्रारीला जागाच नव्हती. लॉगमध्ये सारे लिहिलेले होते, प्रत्येक पुसलेल्या फाइलचे नाव आणि वेळ. मी तो लॉग उघडून पाहिला नाही. सहा वर्षे रोज ठीक चाललेल्या कामाचा लॉग कोण पाहतो?

येथे थोडे विषयांतर करतो. आपल्या गावच्या प्राच्यविद्या मंदिरात वाल्मीकी रामायणाची चिकित्सक आवृत्ती सिद्ध झाली, तिचे खंड १९६० ते १९७५ या काळात निघाले. ठिकठिकाणच्या पोथ्या समोर ठेवून विद्वानांनी पाठ ताडून पाहिले. एखादा लेखनिक डुलकी लागून श्लोक गाळून बसला, तरी त्याच्या पुढ्यातली मूळ पोथी शाबूत राही आणि दुसऱ्या गावी तिसरी पोथी असे. म्हणूनच हे काम शक्य झाले. सिंक करणारा लेखनिक निराळा. त्याच्या मूळ पोथीतले पान हरवले, की तो दुसऱ्या गावी जाऊन तिथल्या पोथीतलेही पान फाडून येतो.

चोवीस दिवस काही कळले नाही, कारण रोजच्या मुलांचे ताजे कागद संगणकात दिसत होते. जुना संदर्भ लागला तर आई-वडिलांच्या हातातली फाइल असतेच. जून संपता संपता एक आई आपल्या साडेअकरा वर्षांच्या मुलाला घेऊन आल्या. (ओळख पटू नये म्हणून या कुटुंबाचे काही तपशील मी बदलले आहेत.) मुलगा जन्मापासून माझ्याकडचा, पण नवव्या वर्षानंतर आजारी फारसा पडला नाही, म्हणून येणे झाले नव्हते. शाळेत रांगेत तो सर्वांत पुढे उभा राहू लागला एवढीच तक्रार. सोबतच्या आजी म्हणाल्या, “बापावर गेलाय हो डॉक्टर. आमच्यात उंची बेताचीच.” वडील खरोखरच ठेंगणे. उंची मोजली, ती तिसऱ्या शतमान रेषेला टेकलेली.

आपणा सर्वांना ठाऊक आहे, की एका दिवशी मोजलेली उंची फार थोडे सांगते. वडिलांकडून आलेला ठेंगणेपणा असेल तर मूल लहानपणापासून खालच्या रेषेलगत, पण तिला समांतर वाढत राहते. चार वर्षांपासून वयात येईपर्यंत मूल साधारणपणे वर्षाला पाच-सहा सेंटिमीटर वाढते. हा वेग मध्येच मंदावला असेल, तर आपल्याला थायरॉइड, पिट्युटरी, आतडी, मूत्रपिंडे यांचा विचार करावा लागतो. वेग कळण्यासाठी जुने आकडे हवेत. “त्याची फाइल आणलीत का?” मी विचारले.

“फाइल पुरात गेली डॉक्टरसाहेब. आम्ही समाला राहतो ना.”

ऑगस्ट २०२४ च्या पुरात समा भागातल्या अनेक घरांत पाणी होते. मी म्हटले, काळजी नको, आमच्याकडे आहे. बेनना नाव सांगितले. त्या थोड्या वेळाने आत आल्या आणि हळूच म्हणाल्या, “साहेब, नथी मळतुं.” मी स्वतः उठलो. संगणकावर नव्हते, ते अपेक्षितच होते. क्लाउड उघडले. तेथे चोवीस दिवसांचे कागद होते. त्याआधीचे काहीही नव्हते.

त्या बाईंना मी सांगितले, “आज नेट चालत नाही, उद्या फोन करतो.” हे असत्य होते. तीस वर्षांच्या व्यवसायात रुग्णाच्या नातेवाइकांशी असे बोलण्याची वेळ माझ्यावर क्वचितच आली असेल. उरलेली ओपीडी कशी संपवली ते आठवत नाही. लॉग उघडला आणि त्या पहिल्या रात्रीच्या नोंदीत पुसलेल्या फायलींची नावे पाहात खाली जात राहिलो. ती यादी संपेना.

भाच्याला फोन केला. त्याने मोजकेच प्रश्न विचारले.

“मामा, रात्रीची ती बॅच फाइल नव्या मशीनवर कोणी टाकली?”

“मीच.”

“आणि जुने पेपर त्याआधी खाली उतरवून घेतले होतेत?”

“नाही रे. दिवाळीत करणार होतो.”

पलीकडे काही क्षण शांतता. “बरं. आता कशालाही हात लावू नका. आज रात्रीचं काम आधी शेड्युलरमधून बंद करा. आणि क्लाउडची कचरापेटी चुकूनही रिकामी करू नका. किती दिवस झाले म्हणालात?”

“चोवीस.”

“मग सहा दिवस आहेत.”

आमची जागा गूगल ड्राइव्हवर आहे. तेथे आरक्लोन एरवी फायली कायमच्या न पुसता कचरापेटीत टाकतो, आणि ती कचरापेटी प्रत्येक फाइल तीस दिवस ठेवून मग आपोआप नष्ट करते. २०२० च्या ऑक्टोबरपूर्वी ती आपण रिकामी करेपर्यंत तशीच राहत असे. मला दोन्ही गोष्टी ठाऊक नव्हत्या. त्या मुलाची आई एक आठवड्याने आली असती, तर हा लेख मी लिहिलाच नसता.

रात्री नऊला भाच्याने हैदराबादहून माझा संगणक आपल्या पडद्यावर घेतला. कचरापेटीतून फायली पूर्वस्थानी आणण्यासाठी आरक्लोनमध्ये ‘अनट्रॅश’ अशी आज्ञा आहे. ती त्याने लगेच चालवली नाही. आधी ‘ड्राय-रन’ ही जोड देऊन चालवली. ड्राय-रन म्हणजे रंगीत तालीम: काय काय केले जाईल ते दाखवायचे, प्रत्यक्षात काहीच करायचे नाही. पडद्यावरून नावे सरकू लागली. माझ्या ओळखीची नावे, त्यातली कित्येक मुले आता इंजिनिअरिंगला आहेत. अठ्ठेचाळीस हजारांहून अधिक फायली. मग खरी आज्ञा दिली. पहाटे दोनच्या सुमारास काम संपले. त्या मुलाचे फोल्डर मी त्याआधीच उघडून पाहिले होते.

सहाव्या ते नवव्या वर्षापर्यंत पाच नोंदी होत्या, माझ्याच अक्षरात, एकदा सर्दीसाठी आला तेव्हाची, एकदा शाळेच्या दाखल्यासाठीची. पाचही बिंदू पंचविसाव्या शतमान रेषेला धरून होते. त्यानंतरच्या अडीच वर्षांत उंची जेमतेम पाच सेंटिमीटर वाढली होती. हा वडिलांचा वारसा नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी मी फोन केला. थायरॉइडसह पिट्युटरीच्या हार्मोन्सच्या तपासण्या झाल्या, अंतःस्रावतज्ज्ञांनी तो आलेख पाहून एमआरआय करवला. पिट्युटरीच्या वरच्या बाजूस गाठ होती. शस्त्रक्रिया दुसऱ्या शहरात झाली. जुने आकडे नसते तर काय झाले असते? कदाचित रक्ततपासणीनेच दिशा मिळाली असती. कदाचित, आजींचे म्हणणे आणि वडिलांची उंची पाहून, सहा महिन्यांनी पुन्हा मोजू असे मीच म्हणालो असतो. मी स्वतःला ओळखतो. दुसरी शक्यता अधिक.

या प्रसंगानंतर मी थोडे वाचन केले तेव्हा कळले, की ही वाट माझ्याआधी फार मोठ्या लोकांनी तुडवली आहे. १९९८ साली पिक्सार स्टुडिओत ‘टॉय स्टोरी २’ या चित्रपटाचे काम चालू असताना कोणीतरी पुसण्याची आज्ञा चुकीच्या जागी चालवली आणि चित्रपटाचा बहुतांश भाग नाहीसा झाला. बॅकअपकडे धाव घेतली तर ते काही काळापासून नीट होतच नव्हते, आणि कोणी तपासले नव्हते. तो चित्रपट वाचला तो गॅलिन ससमन या बाईंमुळे. त्यांचे बाळ लहान होते, म्हणून त्या घरून काम करीत आणि त्यांच्या घरच्या संगणकावर एक प्रत होती. तो संगणक ब्लँकेटांत गुंडाळून मोटारीतून स्टुडिओत आणला गेला. बालरोगतज्ज्ञ या नात्याने ही कथा मला विशेष प्रिय आहे.

दुसरे उदाहरण जपानमधल्या क्योटो विद्यापीठाचे. डिसेंबर २०२१ मध्ये तेथील महासंगणकाच्या बॅकअपच्याच प्रोग्राममधील दुरुस्तीत चूक झाली. प्रोग्राम चालू असतानाच त्याची नवी आवृत्ती त्याच्या जागी ठेवली गेली, मधूनच वाचल्यामुळे काय पुसायचे ते सांगणारी जागा रिकामी राहिली, आणि जुने लॉग पुसण्याऐवजी संशोधकांच्या फायली पुसल्या गेल्या. १४ संशोधन गटांच्या सुमारे ३ कोटी ४० लाख फायली, ७७ टेराबाइट. त्यांतील काही गटांचे काम परत मिळालेच नाही. तेथेही एक जागा रिकामी होती आणि यंत्राने ती रिकामी आहे असे मानूनच काम केले.

रॅन्समवेअरचा धोकाही याच वाटेने येतो. मे २०१७ मध्ये वॉनाक्रायने ब्रिटनमधील अनेक रुग्णालये ठप्प केली. असा विषाणू आपल्या फायली कुलूपबंद करतो तेव्हा त्यांची बदलाची वेळही बदलते. मग रात्रीचा सिंक त्या ‘नव्या’ फायली तत्परतेने वर नेतो आणि चांगल्या प्रतींवर ठेवतो.

आता माझी सध्याची व्यवस्था. रोज रात्री सिंक नव्हे, कॉपी चालते. तिला ‘बॅकअप-डिर’ ही जोड दिली आहे. तिच्यामुळे एखादी फाइल बदलली गेली तर तिची आधीची प्रत क्लाउडवरच, पण वेगळ्या, त्या दिवसाच्या तारखेच्या फोल्डरात जाऊन बसते. चुकीच्या नावांची साफसफाई महिन्यातून एकदा सिंकने होते, आणि ती मी समोर बसून करतो. आधी ड्राय-रन, यादी वाचणे, मग खरी आज्ञा, तीही ‘मॅक्स-डिलीट’ पन्नास लावून, म्हणजे पन्नासांहून अधिक फायली पुसण्याची वेळ आली तर काम मध्येच थांबते. ही एक जोड त्या रात्री असती तरी मोठे नुकसान टळले असते. रविवारी एका बाहेरच्या हार्ड डिस्कवर प्रत घेतो आणि ती डिस्क काढून दुसऱ्या मजल्यावरच्या घरी नेतो. जोडून ठेवलेली डिस्क विषाणूलाही जोडलेलीच असते. अमेरिकन छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी हाच नियम ३-२-१ असा मांडला आहे: तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, एक दुसऱ्या जागी. माझ्या तीन फ्लॉप्यांची आठवण झाली. १९९६ साली मी अधिक शहाणा होतो असे म्हणावे लागेल.

गोपनीयतेचा प्रश्नही आहेच. इतर कोणाच्या मुलांचे आजार आपण परक्या यंत्रावर ठेवतो. २०२३ साली संमत झालेल्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचा रोख स्पष्ट आहे: ज्याच्याकडे माहिती, त्याच्यावर ती जपण्याची जबाबदारी. आरक्लोनमध्ये ‘क्रिप्ट’ नावाची सोय आहे. तिच्यामुळे फायलींचा मजकूर आणि नावे दोन्ही आपल्याच संगणकावर सांकेतिक होऊन मग वर जातात, क्लाउडच्या कंपनीलाही ती वाचता येत नाहीत. मात्र त्याचा पासवर्ड हरवला तर आपल्यालाही ती वाचता येणार नाहीत आणि कोणीही मदत करू शकणार नाही. माझा पासवर्ड कागदावर लिहून बँकेच्या लॉकरमध्ये, दागिन्यांच्या डबीखाली आहे. पत्नीला ठाऊक आहे.

किती वर्षे जपावे? भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार आंतररुग्णांच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे ठेवणे आणि मागितल्यास ७२ तासांत देणे आवश्यक आहे. पण आपले रुग्ण अज्ञान असतात, कायद्याची मुदत त्यांच्या सज्ञान होण्यापासून मोजली जाऊ शकते. आणि परदेशी शिक्षणाला निघालेली वीस वर्षांची मुले एमएमआरच्या दोन मात्रांच्या तारखा विचारायला आपल्याकडेच येतात. मी तरी काही पुसत नाही.

दर महिन्याच्या पहिल्या तारखेला ‘चेक’ ही आज्ञा देऊन दोन्ही बाजू ताडून पाहतो, आणि बेनना कोणतेही एक जुने नाव सुचवायला सांगतो. ते फोल्डर क्लाउडवरून दुसऱ्याच एका संगणकावर उतरवून पानन् पान उघडून पाहतो. दहा मिनिटे लागतात. बेनना हा आता खेळ वाटतो, त्या मुद्दाम जुनी आणि अवघड आडनावे शोधून काढतात.

त्या मुलाच्या आईंना मी डिसेंबरात सारे खरे सांगितले. नेट चालू होते, तुमचे कागद माझ्या हातून गेले होते, रात्री परत मिळाले. त्या थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “आमची फाइल पाण्यात गेली, तुमची संगणकात. आता त्याच्या कागदांची एक प्रत आम्हालाही मोबाइलवर देत जा.” त्या दिवसापासून प्रत्येक भेटीनंतर केसपेपरची प्रत पालकांच्या मोबाइलवर पाठवतो. ही चौथी प्रत माझ्या डोक्यातून आलेली नाही.

मुलगा हार्मोन्सच्या उपचारावर आहे आणि त्या दिवशी शाळेच्या सहलीविषयीच बोलत होता. उंचीचा नवा बिंदू आलेखावर मांडला.

रात्रीची बॅच फाइल, महिन्याच्या सिंकची आज्ञा आणि कचरापेटीतून परत आणण्याची आज्ञा, तिन्ही मी एका कागदावर छापून घेतल्या आहेत. ज्या सभासदांना हव्या असतील त्यांनी पुढच्या मासिक सभेत माझ्याकडून घ्याव्यात. येताना आपले ‘केसपेपर’ फोल्डर कोठे आहे आणि त्याची दुसरी प्रत कोठे आहे, हे मात्र पाहून यावे.